दोन फेरेट आणि आमचं घर: प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर

ताई, भाचा आणि मी, तिघांचं एकमत झालं: फेरेट, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लांबट अंगाचा छोटा मांसाहारी प्राणी, पाळायचं. माझी अट एकच होती, आधी घर तयार करायचं आणि मगच प्राणी आणायचा. ही वही त्यासाठी. पहिल्यांदाच फेरेट पाळणाऱ्या दुसऱ्या कुणाच्याही उपयोगी पडावी म्हणून तारीख घालून सगळं लिहून ठेवते आहे.

खरेदीच्या आधीची कामं दोन. पहिलं, आपण राहतो तिथे फेरेट पाळायला कायद्याची परवानगी आहे का ते नीट बघणं. हे गृहीत धरून चालत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि हवाईमध्ये पाळीव फेरेटवर बंदी आहे, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये आहे. न्यूझीलंडने २००२ पासून फेरेटची विक्री आणि पैदासच बंद केली, कारण सुटलेली फेरेट तिथल्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा फडशा पाडतात.

दुसरं काम पशुवैद्य शोधण्याचं. कुत्र्यामांजरांच्या प्रत्येक डॉक्टरांना फेरेट तपासायची सवय असतेच असं नाही. फोनवर मी सरळ विचारत गेले: फेरेटना कोणत्या लसी देता, अ‍ॅड्रिनलच्या (मूत्रपिंडाजवळच्या, हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीच्या) आजारासाठी कातडीखाली हार्मोनचं इम्प्लांट बसवता का, आणि मध्यरात्री काही झालं तर कुठे जायचं? तिसऱ्या प्रश्नाला ज्यांच्याकडे तयार उत्तर होतं, त्यांच्याकडे नाव नोंदवलं.

पिल्लू आणायचं की मोठं, यावर थोडी चर्चा झाली. पिल्लू गोड असतं यात वाद नाही, पण चावरंही असतं. लिटर ट्रेची, म्हणजे शी-शूच्या ट्रेची सवय आणि दात आवरायची सवय अशा दोन्ही गोष्टी शून्यापासून शिकवाव्या लागतात. निवारा केंद्रातून मोठी, माणसाळलेली जोडी घ्यावी असं मला वाटतं. फेरेटना दुसऱ्या फेरेटची सोबत आवडते, आणि एकमेकांची सवय असलेली जोडी घेतली तर ओळख करून देण्याचे आठवडे वाचतात. आयुष्य साधारण सहा ते आठ वर्षांचं. भाचा दहावीच्या पुढे जाईपर्यंत ही जबाबदारी आपल्यावर आहे, हे त्याला समोर बसवून सांगितलं.

११ ऑक्टोबर

भोकं बुजवायचा दिवस.

फेरेट हा बिळात शिरणारा शिकारी आहे. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवला, तो सशांना बिळातून बाहेर काढण्यासाठी. दिसायला मुंगसासारखा असला तरी मुंगसाचं कूळ वेगळं. याचे नातलग म्हणजे पाणमांजर, बिज्जू, मार्टेन. अंग लांबट, पाय आखूड, पाठीचा कणा इतका लवचीक की अरुंद नळीतही ते मागे वळू शकतं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ज्या प्रयोगशाळेला आज फर्मीलॅब म्हणतात, तिथे फेलिशिया नावाच्या फेरेटकडून लांबलचक नळ्या साफ करून घेत. ती दोरी घेऊन नळीतून पलीकडे जायची, मग त्या दोरीला बोळा बांधून माणसं तो ओढून घ्यायची. असा प्राणी घरात आणायचा, तर घराकडे त्याच्या उंचीवरून बघायला हवं.

म्हणून मी आणि भाचा टॉर्च घेऊन अक्षरशः जमिनीवर पालथे पडलो. नियम साधा: जिथून डोकं जातं तिथून सगळं अंग जातं. दोन-अडीच सेंटिमीटरची फटही छोट्या मादीला पुरते. कपडे धुण्याच्या यंत्रामागे भिंतीत पाइपसाठी पाडलेलं भोक निघालं, पाइपपेक्षा चांगलं दुप्पट. फ्रिजच्या मागची मोटर उघडी. स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या खालच्या पट्टीला एका टोकाला फट, तिथून आत गेलं की सगळ्या कपाटांच्या पाठीमागे मोकळा रस्ता. ड्रॉवरच्या मागची बाजूही बघितली: फेरेट खालून चढून ड्रॉवरमध्ये बसतं आणि आपण तो बंद करतो. तेव्हा या खोलीतले ड्रॉवर ढकलण्याआधी आत हात फिरवायचा.

सोफ्याच्या बुडाला जे पातळ काळं कापड असतं, ते फेरेट फाडून आत शिरतं. तिथे पातळ प्लायवूड ठोकलं. आरामखुर्ची, म्हणजे पाय वर करणारी यंत्राची खुर्ची, सरळ दुसऱ्या खोलीत हलवली. तिच्या सांध्यात चिरडून फेरेट मरतात, यावर तडजोड नाही. खुर्ची ताईची लाडकी, पण तिनेच ती ओढत नेली.

मग रबर. फेरेटना रबर, फोम, मऊ प्लास्टिक चघळायचं विलक्षण वेड असतं, आणि गिळलेला तुकडा आतड्यात अडकला की शस्त्रक्रियेशिवाय सुटका होत नाही. चपला, खोडरबर, इअरफोनच्या टोप्या, रिमोटची बटणं, बाटल्यांची बुचं, खेळण्यांची चाकं, दाराला लावायचे रबरी अडसर. भाच्याने स्वतःची पेन्सिलपेटी रिकामी करून सगळी खोडरबरं वरच्या फळीवर ठेवली.

घरभर मोकळीक सध्या नाही. एक खोली पूर्ण सुरक्षित, बाकीच्या हळूहळू.

१९ ऑक्टोबर

पिंजरा आला. तीन मजली, उतरत्या फळ्यांचा. फेरेटची नजर अधू असते आणि उंचीचा अंदाज तर येतच नाही, म्हणून उंच मोकळी उडी पडेल अशी जागा ठेवायची नाही. गजांमधलं अंतर दोन सेंटिमीटरपेक्षा कमी. तळ सलग हवा, जाळीचा असेल तर पायाची बोटं अडकतात.

आत बसायला फळी नको, झोळी हवी. जुन्या सुती चादरीच्या दोन झोळ्या ताईने शिवल्या, कडा दुमडून, म्हणजे दोरे निघून नखात अडकणार नाहीत. देवदार किंवा चीडच्या लाकडाचा भुसा अजिबात घालायचा नाही, त्यातल्या वासाच्या तेलांनी श्वसनाला त्रास होतो. पिंजरा फक्त झोपण्यासाठी आणि आपण घरात नसतानासाठी. रोज किमान चार तास बाहेर, आपल्या नजरेखाली.

२६ ऑक्टोबर

खाणं. यावर सगळ्यात जास्त वाचलं, कारण फेरेटचं बाकीचं आयुष्य याच गोष्टीवर उभं आहे.

फेरेट निव्वळ मांसाहारी. आतडं आखूड, त्यात वनस्पतीचा तंतू मुरवायला लागणारा अंधान्त्राचा कप्पाच नाही. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. म्हणून ते दिवसभरात आठ-दहा वेळा थोडं थोडं खातं आणि त्याच्या वाटीत खाणं कायम असावं लागतं. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा वाटी भरायची कुत्र्याची पद्धत इथे चालत नाही.

कोरड्या खाद्याच्या पिशवीवर काय बघायचं: प्रथिनं ३० ते ४० टक्के आणि ती मांसातून आलेली, स्निग्ध पदार्थ १५ ते २० टक्के, तंतू तीन टक्क्यांच्या आत. घटकांच्या यादीत पहिली नावं मांसाची असायला हवीत. इथे एक फसगत होते. वाटाणा किंवा इतर डाळींचं प्रथिन घालून टक्केवारी वाढवलेली असते, पण ते फेरेटच्या अंगी नीट लागत नाही. कुत्र्याचं खाद्य चालत नाही. फेरेटचं खाद्य मिळत नसेल तर मांजरीच्या पिल्लांचं चांगल्या प्रतीचं खाद्य चालतं.

फळं, बिस्किटं, दूध, मध, मनुके: बंद. जुन्या पुस्तकांत मनुका बक्षीस म्हणून द्यायला सांगितलेला असतो, तो आता कुणी देत नाही आणि देऊही नये. बक्षीस म्हणून शिजलेल्या कोंबडीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरतो, हाड अजिबात नको, शिजलेलं हाड फुटून टोचतं. चॉकलेट विषारी. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांपैकी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल जीवघेण्या, त्यामुळे औषधांचा डबा कुलपात.

आणखी एक, फेरेट लहानपणी जे खातं त्याचा वास पक्का बसतो आणि मोठेपणी अनोळखी खाण्याला ते तोंड लावत नाही. म्हणून केंद्रात देतात तेच खाद्य आणून ठेवलं. बदलायचंच झालं तर जुन्यात नवं मिसळत दोनेक आठवड्यांत.

२ नोव्हेंबर

दोघं आली. चिंगी तीन वर्षांची मादी, गडद तपकिरी, डोळ्यांभोवती काळा पट्टा. भुऱ्या वर्षाचा नर, फिक्या रंगाचा, अंगाने तिच्या जवळजवळ दीडपट. दोघांची नसबंदी झालेली. आल्या आल्या वजन केलं: चिंगी ७८० ग्रॅम, भुऱ्या १,२४० ग्रॅम. मादी साधारण पाऊण ते सव्वा किलो आणि नर एक ते दोन किलो, तेव्हा दोघंही ठीक.

दुपारी ताईने घाबरून हाक मारली, “अगं, ही उठत नाहीये!” चिंगी तिच्या हातात लुळी पडली होती, मान लोंबकळत होती, हलवूनही डोळे उघडेनात. फेरेटच्या गाढ झोपेबद्दल मी वाचलेलं होतं, तरी पोटात गोळा आलाच. छातीवर बोट ठेवलं तर श्वास संथ आणि नियमित, हिरड्या छान गुलाबी. नाकाजवळ माशाच्या तेलाचा थेंब धरला. आधी नाक हललं, मग जीभ बाहेर आली, डोळे सगळ्यात शेवटी उघडले. फेरेट दिवसाचे १४ ते १८ तास झोपतात आणि त्यातली काही झोप अशी असते. नव्याने फेरेट पाळणाऱ्याने हे आधी बघून ठेवावं. हिरड्या पांढुरक्या असतील, अंग गार असेल, किंवा जाग आल्यावर तोल जात असेल, तर मात्र ती झोप नाही. लगेच डॉक्टर.

५ नोव्हेंबर

लिटर ट्रे. फेरेट कोपऱ्यात मागे मागे सरकून, शेपूट वर करून शी करतं, जागा ठरलेली कोपराच. त्यामुळे ट्रेची मागची बाजू उंच आणि पुढची बुटकी लागते. आत कागदाच्या दाबलेल्या गोळ्या. मांजरांची पाणी लागताच गोळा होणारी माती नको, ती नाकात आणि मागच्या बाजूला चिकटते.

उठल्यावर पहिल्या काही मिनिटांत बहुतेक काम होतं, म्हणून ट्रेवर जाऊन आल्याशिवाय पिंजऱ्याचं दार उघडत नाही. खोलीत त्यांनी पसंत केलेल्या कोपऱ्यातही एक ट्रे ठेवला. तरी मांजराएवढी शिस्त येत नाही. आपणच ट्रे त्यांच्या कोपऱ्याकडे न्यावा, वाद घालू नये. जमिनीवर झालं तर पुसून वास घालवायचा. ओरडून उपयोग नाही, त्याला त्यातलं काही कळत नाही.

१२ नोव्हेंबर

भुऱ्या चावतो. रागाने नाही, खेळायला बोलावतो. फेरेटची कातडी जाड असते, ती एकमेकांना मानेला धरून ओढतात आणि कुणाला काही होत नाही. आपली कातडी पातळ असते हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. मोजे घातलेली पावलं दिसली की तो आडवा येऊन अंगठा धरतो.

मारणं, नाकावर टिचकी, तोंडावर फुंकर, यातलं काहीच करायचं नाही. मार खाल्लेलं फेरेट भीतीने चावायला लागतं, आणि ते चावणं खरं असतं. आम्ही ठरवलेली पद्धत अशी: दात लागले की एकदाच स्पष्ट आवाजात “नाही”, मानगुटीची सैल कातडी धरून खालून आधार देत उचलायचं आणि तीन-चार मिनिटं एका रिकाम्या खोक्यात ठेवायचं. तिथे खेळणं नाही, बोलणं नाही. झोपायच्या पिंजऱ्यात नाही टाकायचं, ती शिक्षेची जागा व्हायला नको. बाहेर काढलं की कुरतडायला दोरीचं खेळणं पुढे करायचं. घरातल्या तिघांनीही हेच आणि असंच करायचं. भाचा हसला आणि ताई रागावली तर भुऱ्याला काही अर्थबोध होणार नाही.

हात पुढे नेतानाही वरून झडप घालायची नाही. घुबडं, ससाणे वरूनच येतात. खालून, बाजूने, आधी हाताचा वास घेऊ द्यायचा.

२० नोव्हेंबर

आज भुऱ्याचा नाच भाच्याने पहिल्यांदा जवळून बघितला. पाठीची कमान केलेली, तोंड उघडं, चारही पाय एकदम जमिनीवरून उचलून आडवं-तिडवं उड्या मारणं, मागे जाऊन भिंतीला आपटणं, पुन्हा पुढे. घशातून कुक-कुक-कुक असा सततचा आवाज. भाचा विचारत होता, “मावशी, हा चिडलाय का?” चिडलेलं फेरेट फिस्कारतं, घाबरलेलं शेपटी पिंजारतं आणि किंचाळतं. हा कुक-कुक आवाज निव्वळ आनंदाचा. जमिनीवर बसून आपणही हातपाय आपटले की तो दुप्पट उड्या मारतो.

चिंगीचा छंद वेगळा. ती वस्तू नेऊन लपवते. सोफ्यामागच्या कोपऱ्यात तिचं भांडार सापडलं: दोन मोजे, कंगवा, भाच्याची कंपासपेटीतली पट्टी, आणि खाण्याच्या दाण्यांचा छोटासा ढीग. भांडार पूर्ण रिकामं केलं तर ती दिवसभर शोधत बसते, म्हणून सुरक्षित वस्तू ठेवून फक्त खाणं आणि धोक्याच्या गोष्टी काढते. हे आठवड्याचं काम आहे, कारण रबराचा तुकडा गायब झाला असेल तर तो इथेच सापडण्याची आशा असते.

ससे, उंदीर, गिनिपिग, पक्षी यांची फेरेटशी मैत्री घडवायचा प्रयोग कुणी करू नये. शिकारीचा स्वभाव दोन हजार वर्षांत गेलेला नाही.

३ डिसेंबर

डॉक्टरांची पहिली सविस्तर भेट. लसी दोन: डिस्टेंपर आणि रेबीज. कुत्र्यांचा डिस्टेंपर फेरेटला झाला तर ते जवळपास निश्चितपणे दगावतं, आणि हा विषाणू आपल्या चपलांवरून, कपड्यांवरूनही घरात येऊ शकतो. “आमचं फेरेट घराबाहेर जातच नाही” हे लस टाळायचं कारण होऊ शकत नाही. दोन्ही लसी एकाच दिवशी नको, असं डॉक्टर म्हणाले. आज डिस्टेंपर, रेबीज नंतर. काही फेरेटना लसीनंतर उलटी, जुलाब, नाक-हिरड्या लाल होणं किंवा कोसळणं अशी प्रतिक्रिया येते, ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासात. तेवढा वेळ दवाखान्यातच बसलो. काही झालं नाही. डासांतून होणाऱ्या हृदयकृमीसाठी महिन्यातून एकदा द्यायचं औषधही लिहून दिलं.

नसबंदीबद्दल मी मुद्दाम विचारलं, कारण मादीच्या बाबतीत हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. फेरेट मादी माजावर आली की समागम झाल्याशिवाय बीज सुटत नाही आणि माज उतरत नाही. महिनोन् महिने इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन चढतं राहतं, अस्थिमज्जा रक्त बनवायचं थांबवते आणि मादी पंडुरोगाने मरते. म्हणून पैदास करायची नसेल तर मादीला तसंच ठेवता येत नाही. दुसरी बाजूही आहे. नसबंदी झालेल्या फेरेटमध्ये पुढे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा आजार बराच दिसतो: शेपटीकडून सुरू होऊन पाठीवर पसरणारं केस गळणं, खाज, मादीत योनीमुखाची सूज, नरात लघवी अडणं. लघवी अडली तर थांबायला वेळच नसतो. डेस्लोरेलिनचं इम्प्लांट कातडीखाली बसवलं की साधारण वर्ष ते दोन वर्षं हार्मोन आटोक्यात राहतात. युरोपात अनेक डॉक्टर शस्त्रक्रियेऐवजी सुरुवातीपासून हेच बसवतात. चिंगीची शेपूट महिन्यातून एकदा उलट्या दिशेने हात फिरवून तपासायची, असं ठरलं.

वासाच्या ग्रंथी काढून टाकायच्या का, असं ताईने विचारलं. डॉक्टरांचं मत स्पष्ट होतं: गरज नाही. गुदाजवळच्या ग्रंथी फेरेट घाबरल्यावर सोडतं आणि तो वास काही मिनिटांत विरतो. रोजचा कस्तुरीसारखा वास कातडीच्या तेलग्रंथींचा, तो या शस्त्रक्रियेने जात नाही. बऱ्याच देशांत ही शस्त्रक्रिया निषिद्धच मानतात.

१४ डिसेंबर

वासाचाच धागा पुढे. अंघोळ वारंवार घातली की कातडी कोरडी पडते, ग्रंथी आणखी तेल सोडतात आणि वास वाढतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे, किंवा अंगाला काही लागलं तरच. खरा वास झोळ्यांत मुरतो. त्या दर आठवड्याला, ट्रे रोज. एवढं केलं की पाहुण्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही.

नखं दर दोन आठवड्यांनी. पोटावर साल्मन माशाच्या तेलाचे तीन थेंब टाकायचे, फेरेट मांडीवर उताणं पडून ते चाटत बसतं आणि तेवढ्यात नखांची टोकं कापायची. नखातली गुलाबी शीर ओलांडायची नाही. कानात तांबूस तपकिरी मळ असणं नेहमीचंच, तो काळा आणि दाणेदार झाला आणि खाजवणं वाढलं तर कानातले किडे. कापसाची काडी कानात खोल घालायची नाही.

८ जानेवारी

ताईला फ्लू झाला आहे. पुढचे काही दिवस तिने फेरेटच्या खोलीत जायचं नाही. माणसाचा फ्लू फेरेटला होतो आणि फेरेटचा माणसाला. १९३३ मध्ये लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला, तो रुग्णांच्या घशातलं पाणी फेरेटच्या नाकात घालून. अजूनही फ्लूच्या संशोधनात फेरेट वापरतात. ताई दाराच्या काचेतून दोघांना बघते. तिचं काम भाच्याकडे, मास्क लावून.

२ फेब्रुवारी

सकाळी चिंगी झोळीतून उतरली आणि मधल्या मजल्यावर थांबून समोर नुसती बघत राहिली. हाक मारली तर कान हलला, मान वळली नाही. मग चालायला लागली, नेहमीसारखी. पाचेक सेकंदांचं प्रकरण, पण डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी बोलावून घेतलं.

कारण शंका इन्सुलिनोमाची होती. स्वादुपिंडात गाठी होतात, इन्सुलिन जास्त तयार होतं आणि रक्तातली साखर कोसळते. तीन-चार वर्षांच्या पुढच्या फेरेटमध्ये हे फार आढळतं. एकटक बघणं, तोंडातून लाळ, पंजाने तोंड खरवडणं, मागचे पाय ओढत चालणं ही त्याची लक्षणं. साखर मोजायच्या आधी तीन-चार तास खाणं बंद ठेवतात, त्याहून जास्त उपाशी ठेवायचं नाही. नेहमीची पातळी साधारण ८० ते १२०, ६० च्या खाली गेली की दाट संशय. चिंगीची ९४ आली. सध्या काळजी नाही, पण दर सहा महिन्यांनी मोजायची.

आणीबाणीत काय करायचं हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन फ्रिजवर चिकटवलं: फेरेट कोसळलं किंवा झटके आले तर हिरड्यांना बोटाने थोडा मध चोळायचा, दातांपासून बोट सांभाळून, शुद्धीवर आल्यावर मांसाचं खाणं द्यायचं आणि ताबडतोब दवाखाना. मध एरवी बंद आहे, तो फक्त या एका कामासाठी फळीवर.

१६ फेब्रुवारी

शी वाचायला शिकलो आम्ही. ऐकायला कसंसंच वाटेल, पण फेरेटची तब्येत सगळ्यात आधी ट्रेमध्ये दिसते. तपकिरी, घट्ट, बोटाच्या आकाराची: उत्तम. बाजरीसारखे दाणे दिसले तर खाणं नीट पचत नाही. हिरवट आणि चिकट असेल तर आतडं चिडलं आहे. नवं फेरेट घरात आलं आणि पाठोपाठ जुन्याला हिरवे जुलाब लागले तर कोरोनाविषाणूच्या एका संसर्गाची शंका घ्यायची. काळी डांबरासारखी असेल तर पोटात रक्तस्राव. आणि शी अगदी बारीक पेन्सिलीसारखी, किंवा अजिबातच नाही, त्यासोबत दात खाणं, अन्न नको म्हणणं, निपचित पडून राहणं: कुठेतरी काहीतरी अडकलं आहे. हे उद्यावर ढकलायचं नाही, इतकं लहान शरीर काही तासांत खचतं.

भुऱ्याची आठवडाभर जरा सैल होती, नव्या खाद्याचं प्रमाण वाढवल्यामुळे. प्रमाण मागे घेतलं आणि ठीक झाली.

१९ मार्च

केस झडायचा मोसम. फेरेट वर्षातून दोनदा कात बदलावी तशी लव बदलतात, आता हिवाळ्याची दाट लव जाते आहे. चाटताना केस पोटात जातात, ते मांजरासारखे उलटून पडत नाहीत, आत साचून अडथळा करू शकतात. रोज ब्रश, आणि मोसमापुरतं केसांचे गोळे सुटायचं चाटण थोडंसं. त्यात साखर असते, म्हणून चिंगीला अगदी नखाएवढंच.

भुऱ्याचं वजन जानेवारीत १,४१० ग्रॅम होतं, आज १,२८०. हिवाळ्यात चरबी साठवायची आणि उन्हाळ्यात टाकायची, हे फेरेटचं नेहमीचं चक्र आहे. दर रविवारी वजन लिहिल्यामुळे हे चढउतार ओळखीचे झाले. चिंगी मात्र ७७० वर आहे, तिच्यात फारसा बदल नाही, आणि ते तिच्यासाठी बरोबर आहे. मोसम नसताना वजन उतरलं, किंवा मोसम संपूनही शेपटीवर केस परतले नाहीत, तर अ‍ॅड्रिनलची तपासणी.

७ एप्रिल

उन्हाळ्याची तयारी. फेरेटला घाम जवळजवळ येतच नाही. २७ अंशांच्या पुढे धोका सुरू होतो आणि ३० च्या वर उष्माघात होऊ शकतो. त्यांना मानवतं ते १५ ते २१ अंशांच्या आसपास. पंख्याचा वारा आपल्याला गार वाटतो तो घाम सुकतो म्हणून, फेरेटला त्याचा फारसा उपयोग नाही. खोलीचं तापमान खरंच कमी व्हायला हवं.

पिंजरा खिडकीपासून हलवून उत्तरेच्या भिंतीला लावला, आत झोळीच्या उंचीवर तापमापक टांगला. जमिनीवरचा तापमापक दोन अंश कमी दाखवतो आणि प्राणी झोपतो वर. पाण्याची बाटली आणि जड वाटी, दोन्ही ठेवल्या. फेरेट वाटीतून जास्त पितं, पण वाटी उलटवतंही. पाण्याच्या बाटल्या गोठवून मोज्यात घालून आत ठेवल्या की चिंगी त्यांना टेकून झोपते. वीज गेली तर कुठे न्यायचं हेही ठरलं: ताईच्या खोलीला लागून असलेली न्हाणी, फरशी गार, खिडकी नाही, भोकं आजच तपासून बुजवली.

लक्षणं: तोंड उघडून धापा टाकणं, हिरड्या लालभडक, जाड लाळ, लुळेपण. तसं झालं तर गार पाण्यात भिजवलेला टॉवेल पोट आणि पावलांना लावायचा. बर्फाचं पाणी नाही, त्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. मग दवाखाना.

रेबीजची लस झाली आहे, पुढची तारीख कार्डावर. चिंगीची साखर ऑगस्टमध्ये. दिवाणखाना मोकळा करायचं काम अजून बाकी आहे. तिथल्या टीव्हीच्या कपाटामागे वायरी आहेत आणि खाली जेमतेम तीन सेंटिमीटरची फट. भाच्याने काल तिथे पट्टी सरकवून मोजली आणि सांगितलं, “मावशी, चिंगी जाईल, भुऱ्याही जाईल.” रविवारी तिथे फळी ठोकायची.